न जुळलेलं रक्त

१

"मले विधवा ठरवून द्या," रीता म्हणाली.

सिंदी मेघेतल्या माझ्या वकिलीच्या पुढच्या खोलीत नवऱ्यापासून सुटका मागणाऱ्या बायका नेहमीच येतात. पण कपाळ कोरं ठेवून, टेबलावर मूठ आपटून वैधव्य मागणारी मी पहिल्यांदाच पाहत होते. मी तिला आधी पाणी दिलं. ते तिने घेतलं नाही.

प्रकरण वर्ध्यात सगळ्यांना तोंडपाठ होतं. २००२ च्या मे महिन्यात हिरालाल बियाणे भांडाराचं गोदाम जळालं. राखेत एक प्रेत सापडलं, ओळखू न येण्याइतकं जळालेलं. मनगटावर रीताच्या नवऱ्याचं, योगेंद्रचं घड्याळ होतं. वडील हिरालालशेठ वारल्यापासून योगेंद्रच दुकान पाहायचा. घरच्यांनी त्याला अग्नी दिला, दहावं केलं, तेरावं केलं. मग शवविच्छेदनाचा अहवाल आला: श्वासनळीत काजळी नाही, कवटी आधीच फुटलेली. म्हणजे आग लागली तेव्हा माणूस मेलेलाच होता. खून.

पोलिसांनी एक दात राखून ठेवला होता. तो आणि योगेंद्रच्या आईचं, यशोदाबाईंचं रक्त हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेलं. डीएनए तपासून उत्तर आलं की ही दोघं मायलेक नाहीत.

झालं! ठाणेदारांनी दोन अधिक दोन चार केले. गोदामात कपाशीचं बोगस बियाणं होतं असं बाजारात लोक कुजबुजत होतेच. योगेंद्रने ते विकलं, अंगाशी आलं, तेव्हा कुठल्यातरी वाटसरूला मारलं, त्याच्या हातात आपलं घड्याळ घातलं, गोदाम पेटवलं आणि पळाला.

"काल गल्लीतल्या बाया हळदीकुंकू घेऊन आलत्या," रीता म्हणाली. "म्हने, अभिनंदन व माय, तुहा नवरा जिता हाये. मी करंडा नालीत फेकला. माहा माणूस मेला, बाई. पळाला नाई. खुनी म्हनून जिता राहण्यापेक्षा खरा मेलेला बरा."

"आणि तो अहवाल?"

"अहवाल खोटा हाये."

"अहवाल खोटा नसतो, रीता. फार तर आपण त्याला चुकीचं विचारलेलं असतं." हे मी नुसतं तिला गप्प करायला बोलले. त्यात किती तथ्य निघणार होतं, याची मला तेव्हा कल्पना नव्हती.

२

यशोदाबाई खाटेवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. पासष्टीच्या बाई, पण आवाज खणखणीत. डीएनएचं नाव काढताच त्या उसळल्या.

"कोनतं मशीन म्हन्ते तो माहा नाई? या छातीचं दूध पेला तो. दुधाचंच रक्त होते का नाई? अन् माहं पोटाचं ऑपरेशन झालं तवा त्यानंच रक्त दिलं. डाक्टर म्हने, बाई, तुमचं एबी हाये, तुमाले कोनाचंबी चालते. योगीचं ओ होतं. म्हंजे त्याचं रक्त माह्या अंगात, माहं दूध त्याच्या अंगात. अन् म्हन्ते जुळत नाई!"

"तो तुमचा एकुलता एक?"

"एकच." त्या खिडकीकडे पाहू लागल्या. "माहेरी झाला. आंजीले."

बाहेर ओसरीवर निकेश भेटला. हा यशोदाबाईंच्या धाकट्या बहिणीचा, आंजी मोठीच्या केसरबाईंचा मुलगा. पाच-सहा वर्षांपासून दुकानात कामाला होता. गोदामाची एक किल्ली याच्याकडे असायची, त्यामुळे पोलिसांनी आधी याचीच झाडाझडती घेतली होती. भिवया, नाक, थोडं वाकडं हसणं, आतल्या भिंतीवरच्या फोटोतला योगेंद्रच समोर उभा आहे असं वाटलं. मावसभाऊ इतके सारखे दिसतात कधीकधी.

"दुसरी किल्ली कोणाकडे?"

"मधुकररावकडे. भागीदार हाये ना. हिरालालकाकासंग त्यायनंच दुकान उभं केलं." तो आवाज खाली आणून म्हणाला, "बाई, मी ठाण्यात हात समोर केलता. म्हटलं, माहं घ्या रक्त, मी भाऊ हावो. मधुकरराव म्हने, मावसभावाचं चालत नाई, आईचंच लागते. अन् मले बाहेर काढलं."

"तुला सख्खं भावंड कोणी?"

"नाई. माह्याआधी एक झालता, तो जनमताच गेला. माय म्हन्ते, जगता तं योगीदादाएवढा असता. एकाच हप्त्यातले ते दोघं."

मी रीताकडे वळले. "त्याची दाढीची पेटी, कंगवा, ब्रश असेल ना? त्याच्यावरूनही तपासता येतं."

"काईच नाई. दहाव्याच्याच दिवशी मधुकररावनं सगळं वाहून टाकलं नदीत. मेलेल्याचं घरात ठेवू नये म्हने."

३

ठाणेदार सज्जन होते. आळशी माणसं बहुधा सज्जन असतात.

"मॅडम, विज्ञानासमोर तुमची वकिली काय करणार?"

"विज्ञान सुचलं कोणाला? तुम्हाला?"

ते हसले. "खरं सांगू? आम्ही निकेशलाच आत घ्यायच्या तयारीत होतो. शवविच्छेदनाचा अहवाल आला त्याच आठवड्यात मधुकरराव आले. म्हणाले, प्रेत आमच्या योगीचं नसावं असा संशय येतो, वहिनींचं रक्त घेऊन खात्री करा. स्वतः गाडीत घालून आणलं म्हातारीला."

दहाव्याला ज्याने योगेंद्र मेला म्हणून त्याचा कंगवासुद्धा नदीत सोडला, त्यालाच खून ठरताच तो जिवंत असल्याचा संशय आला. मी हे मनाच्या कोपऱ्यात ठेवलं आणि दुकानात गेले.

मधुकरराव गल्ल्यामागे बसले होते. पांढरा सदरा, कपाळावर गंध, बोलणं साखरेत घोळलेलं. त्यांनी चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला.

"पोराले मी अंगाखांद्यावर खेळवलं, बाई. तो असं करन असं सपनातबी नाई आलं. पन बोगस बियाण्याच्या थैल्या त्यानंच आनल्या. आता काय लपवायचं?"

"निकेशचं रक्त का नको म्हणालात?"

"आपल्याले काय समजते त्यातलं? आईवरून बाळ, एवढं तं कोनालेबी समजते."

साधा, सरळ, भोळा माणूस. मला असे भोळे फार चावतात. गोदामाचा चौकीदार तानबा पायरीवर बसला होता. त्याला विचारलं तर तो मालकाकडे पाहून म्हणाला, "मी नव्हतो जी त्या दिवशी. सुटी देलती." कोणी दिली, हे विचारायच्या आत मधुकररावांनी त्याला पोती मोजायला आत पिटाळलं.

४

माझे पती अच्युत कॉलेजात जीवशास्त्र शिकवतात. त्यांना मुलांचे पेपर तपासताना बोलायला आवडत नाही. म्हणून मी तेव्हाच बोलते.

"अहो, दुधाचं रक्त होतं का?"

"नाही. पुढचा प्रश्न?"

"आईचं रक्त एबी, मुलाचं ओ. आईने मुलाला स्वतःचं दूध पाजलेलं."

त्यांचा लाल पेन थांबला. "कोणाचं म्हणालीस?"

मी यशोदाबाईंचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. अच्युतनी एका पेपरच्या मागे चार रेघा ओढल्या. विद्यार्थ्याचं नशीब.

"प्रत्येक माणसाकडे रक्तगटाचे दोन वाटे असतात. एक आईने दिलेला, एक बापाने. एबी बाईकडे एक ए, एक बी. ती लेकराला ए देईल नाहीतर बी देईल. तिसरं काही तिच्याकडे नाहीच द्यायला. आणि ओ गटाच्या माणसाचे दोन्ही वाटे ओ असावे लागतात. तेव्हा एबी आईला ओ गटाचं मूल होत नाही. लाखात एखादा विचित्र अपवाद सोड."

मी खुर्चीत सरळ झाले. "म्हणजे योगेंद्र जिवंत असता आणि त्याचंच रक्त हैदराबादला पाठवलं असतं, तरी..."

"तरी जुळलं नसतंच. तो दात कोणाचा, हे त्या तपासणीने सांगितलंच नाही. अहवाल दाखव."

मी दाखवला. त्यांनी बराच वेळ आकड्यांवरून बोट फिरवलं.

"इथेही तोच हिशेब. डीएनएमधल्या ठरावीक जागा पाहतात. प्रत्येक जागी दोन खुणा, त्यातली एक आईचीच असायला हवी. इथे बऱ्याच जागी नाही. म्हणजे मायलेक नाहीत हे बरोबर. पण गंमत बघ. परक्याचं म्हणावं तर जुळतं जास्त, लेकराचं म्हणावं तर कमी. मी यावर शपथ घेणार नाही. पण हा दात यशोदाबाईंच्या नात्यातला असावा."

"पण दूध? बाळंतपण झाल्याशिवाय दूध कुठून आलं?"

"बाळंतपण झालंच असेल की. मी कुठे नाही म्हणतोय?"

बाळंतपण झालं. माहेरी, आंजीला. त्याच आठवड्यात धाकट्या बहिणीचंही झालं. दोनातलं एक बाळ गेलं. आणि जे जगलं ते थोरलीच्या छातीशी होतं. मग मला राग आला, कारण ही गोष्ट आणखी कोणालातरी ठाऊक होती, आणि त्याने तिचं हत्यार केलं होतं.

सिद्ध कसं करायचं? सकाळी मी दुकानात फोन केला. अगदी सहज, काकुळतीला आल्यासारखं बोलले. "मधुकरराव, आमचा एक शेवटचा प्रयत्न. आंजीच्या मावशीचं, केसरबाईंचं रक्त पाठवायचं म्हणते. उद्याच. अजून कोणाला बोलले नाही हं."

पलीकडून घाईघाईने 'बरं, बरं' आलं आणि फोन ठेवला गेला.

५

मी उद्याची वाट पाहिली नाही. अच्युतच्या स्कूटरवर मागे बसून त्याच दुपारी आंजी गाठली. केसरबाईंच्या दारात, कडुनिंबाखाली, मधुकररावांची पांढरी मारुती व्हॅन उभी होती. आम्ही पिठाच्या गिरणीआड थांबलो. व्हॅन गेली तसे आत शिरलो.

केसरबाई अंगणात तुरीच्या डाळीची सालं पाखडत होत्या, पण सुपातली डाळ सगळी खाली सांडत होती. त्यांचे यजमान रामाजी ओट्यावर बसून बैलाची वेसण वळत होते.

मी आडपडदा ठेवला नाही. "मधुकरराव काय म्हणाले?"

"म्हने, रक्त देजो नोको. घर फुटन." त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी कोन?"

"रीताची वकील. केसरबाई, मला माहीत आहे असं मला वाटतं. पण ते मी बोलणार नाही. बोलायचं तर तुम्हीच. नाही बोललात तरी मी उठून जाईन. फक्त एवढं समजून घ्या, तुम्ही गप्प राहिलात तर योगेंद्र जन्मभर खुनी म्हणून फरार राहील, आणि ज्याने त्याला मारलं तो गल्ल्यावर बसून राहील."

त्यांनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. त्या बाईची तीस वर्षांची भीती मला तेवढ्यात दिसली. मग त्या उठल्या, पदर खोचला आणि नवऱ्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, ऐका. आपलं पयलं पोरगं मेलं नव्हतं. यशोदाबाईचं मेलं. तिचं आधीचं एक गेलतं, हे दुसरं. ती पिशी झालती, विहिरीकडे पळे. माह्या मायनं माहं लेकरू उचललं अन् तिच्या छातीले लावलं. ती शांत झाली. माय म्हने, केसर, तुले आनखी होतीन, हिले नाई होणार. अन् देवासमोर हात धरला, कोनाले सांगायचं नाई, कधी परत मागायचं नाई. मेलेलं लेकरू हिरालालशेठनं अन् त्याच्या मधुकररावनं पुरलं. योगी माहा होता. तुमचा होता. आता मारा मले, नाईतर काढून द्या, मी रक्त देनार म्हंजे देनार."

रामाजींच्या हातातली वेसण तशीच राहिली. मला वाटलं आता हे म्हातारे ओरडणार.

"तीस वर्सं," ते म्हणाले, "दर अखजीच्या सणाले तो यायचा. अन् मी त्याले पाहुणा म्हनून पाटावर बसवत राह्यलो."

डोळे पुसून त्यांनी खांद्यावरचं उपरणं झटकलं आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बाई, बापाचं रक्त चालते का?"

"चालतं, रामाजी. आई आणि बाप दोघांचं असलं तर कोणाला बोलायची सोय राहत नाही."

६

दुसरा अहवाल यायला पावसाळा सरला. दाताच्या प्रत्येक जागेवरची एक खूण केसरबाईंची, दुसरी रामाजींची. एकही जागा सुटली नाही. मी तो कागद रीताला वाचून दाखवला तेव्हा ती पहिल्यांदा मोकळी रडली. मग तोंड धुऊन म्हणाली, "आता चला. त्याच्या तोंडावर सांगू."

ठाणेदारांना घेऊन आम्ही यशोदाबाईंच्या ओसरीवर बसलो. निकेश होता, तानबा होता. मधुकररावही आले, कारण न येणं वाईट दिसलं असतं.

"मधुकरराव," मी म्हटलं, "दहाव्याला योगेंद्र मेला हे तुम्हाला इतकं पक्कं ठाऊक होतं, की त्याचा कंगवाही तुम्ही घरात राहू दिला नाही. मग शवविच्छेदनात खून निघाला आणि तुमचं मन एकाएकी पालटलं."

"संशय आला, बाई. मानसाले येते."

"येतो ना. पण तपासणी मागताना तुम्ही निकेशला बाजूला सारलं आणि यशोदाबाईंनाच पुढे केलं. यांचं रक्त जुळणार नाही, हे या दोन घरांबाहेर एकाच माणसाला ठाऊक होतं. ज्याने हिरालालशेठबरोबर त्यांचं खरं बाळ पुरलं, त्याला."

यशोदाबाईंनी डोळे मिटून घेतले.

"हे सगळं तुमच्या मनातलं," मधुकरराव म्हणाले. आवाजातली साखर आता खाली बसली होती.

"मग मनाबाहेरचं ऐका. केसरबाईंचं रक्त घेणार, हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं. तुम्ही म्हणता तसं प्रेत परक्याचं असतं, तर केसरबाईंचं रक्त त्याच्याशी जुळलंच नसतं. शंभरदा तपासलं तरी नाही. तुमचं काय बिघडणार होतं? मग भरदुपारी गाडी काढून तिचं तोंड बंद करायला आंजीला का पळालात? प्रेत योगेंद्रचं आहे, हे ज्याला माहीत होतं, त्यालाच त्या रक्ताची भीती होती."

मग भिंतीशी उकिडवा बसलेला तानबा उठला.

"सायेब, आता सांगतो. योगीशेठ जिता हाये असं सारे म्हने, म्हनून मी गप होतो. त्यायनं बोगस थैल्या येगळ्या काढून ठेवल्या होत्या, उद्या कृषी अधिकाऱ्याले दाखवतो म्हने. थैल्या या मधुकररावनं आनल्या होत्या. दोघायची कडाक्याची लागली. मले यायनंच घरी धाडलं, अन् गोदामात हे दोघंच राह्यले."

ठाणेदार उठले. इतक्या चपळाईने उठताना मी त्यांना प्रथमच पाहत होते. मधुकररावांनी पळायची धडपड केली नाही. ते यशोदाबाईंकडे वळून ओरडले.

"दुकान माह्या घामानं उभं राह्यलं! अन् ते पोट्टं मले म्हने, काका, उद्यापासून गल्ल्यावर बसू नका. कोन होता तो? हिरालालचा होता का? ज्याचं रक्तच या घरचं नाई, तो मले काढनार?"

यशोदाबाई खाटेवरून उतरल्या आणि भिंतीला धरत त्याच्यासमोर गेल्या. "रक्ताचं मले सांगतं?" त्या म्हणाल्या. "तुले तं तो काका म्हने, मुडद्या."

७

खटला उभा राहिला तेव्हा वर्ध्याचं कोर्ट माणसांनी भरून गेलं. योगेंद्रच्या नावाने कुजबुजणारे सगळे पुढच्या बाकांवर होते. रीता त्यांच्यासमोरून मान ताठ ठेवून गेली. कोणाच्या नमस्काराला तिने उत्तर दिलं नाही. मला ते आवडलं.

मधुकररावांचे वकील नागपूरचे, मोठे. अहवालाला हात लावायची सोय नव्हती, म्हणून त्यांनी बायांना धरलं. आधी एक म्हणते माझा, मग दुसरी म्हणते माझा. ज्या कुटुंबाने तीस वर्षं जगाला फसवलं, त्यांच्या शब्दावर माझ्या अशिलाला फाशी द्यायची का? मग ते कुत्सित हसून बाकांकडे वळले.

"एकदा ठरवून टाका. मृताची आई कोण?"

केसरबाई उभ्या राहिल्या. "मी."

आणि त्यांचं वाक्य संपायच्या आत, काठी टेकत, यशोदाबाई उभ्या राहिल्या. "मी."

कोर्टात हशा पिकला. वकीलसाहेबांनी हात पसरले, पाहा म्हणून. पण दोघींपैकी एकही खाली बसेना. केसरबाईंनी यशोदाबाईंचा दंड धरला आणि दोघी तशाच उभ्या राहिल्या. हशा हळूहळू विरला. न्यायाधीशांनी चष्मा काढून दोघींकडे पाहिलं, आणि एकीला बसायला सांगायचं धाडस त्यांनाही झालं नाही.

मी उठणार होते, पण रीता माझ्याआधी उठली.

"सायेब, मरणारा माहा नवरा होता," ती म्हणाली. "मले विचारा. मले दोन सासवा हायेत. दोघीबी लिहा."